मटकीचे मोड, नळातली हवा आणि भंगारवाल्याचा भोंगा

पायरीवरची

या फोरमवर बरेच दिवस वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. लांबला आहे, सांभाळून घ्या.

मी मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर साताऱ्याला, राहायला पुण्यात पेठेत, कॉट बेसिसवर. या सेमिस्टरला ‘क्रिएटिव्ह मीडिया’ असा विषय आहे. लेखी परीक्षा नाही. तीन प्रोजेक्ट करायचे आणि प्रत्येकासोबत पानभर निवेदन लिहायचं, ज्याला आमचे सर ‘आर्टिस्ट स्टेटमेंट’ म्हणतात. आईला वाटतं मी टीव्हीवर बातम्या द्यायला शिकतेय. आजीला वाटतं लग्नाचं शूटिंग. दोघींना काय सांगायचं ते कळत नाही, कारण वर्गातली निम्मी मुलं आधी निवेदन लिहितात आणि मग त्याला साजेसं काहीतरी शूट करून आणतात. फ्लायओव्हरखालचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो आणि खाली ‘शहरातला एकटेपणा’ असं लिहिलं की मार्क मिळतात, हे ज्ञान आमच्याकडे सीनियरकडून ज्युनियरकडे पोचतं.

पहिला प्रोजेक्ट असा होता: कॅमेरा हलवायचा नाही, माणूस दाखवायचा नाही, पण मिनिटभरात डोळ्यांदेखत काहीतरी बदललं पाहिजे. मी मटकी घेतली. रात्रभर भिजवलेली मटकी काचेच्या ताटलीत ओल्या कापसावर पसरली, फोन स्टँडला लावून वर टांगला आणि दर दोन मिनिटांनी एक फोटो असं सेटिंग केलं. तासाला ३० फोटो, ३६ तासांत १०८०. सेकंदाला २४ फोटो पळवले की ४५ सेकंदांची फिल्म. कागदावर सोपं आहे. खरी अडचण उजेडाची. फोन आपल्या मनाने एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) बदलत बसतो, त्यामुळे फोटो एकामागून एक लावले की सगळं लुकलुकतं. दोन्ही लॉक करायचे, पडदे बंद करून एकच टेबललॅम्प ठेवायचा आणि रूममेटला दिवा लावायचा नाही अशी शपथ घालायची. गुरुवार टाळायचा, कारण पुण्यात लाइट गुरुवारी जाते.

पण त्यात दिसलं ते असं. मटकी एकसारखी उगवत नाही. आधी सालाला सुरकुत्या पडतात, मग दाणा तट्ट फुगतो, साल एका बाजूला फाटते आणि मोड बाहेर येऊन लगेच खाली वळायला बघतो. शेजारचा दाणा मध्ये आला तर त्याला ढकलतो. दोन-चार गणंग शेवटपर्यंत जसेच्या तसे पडून होते आणि फिल्ममध्ये नजर हटकून त्यांच्याकडेच जाते, कारण बाकी सगळं हलतंय आणि ते नाहीत. लहानपणापासून आठवड्यातून एकदा उसळ खाल्लीय, पण फडकं सोडल्यावर दिसते तेवढीच मटकी माहीत होती. निवेदनात मी एवढंच लिहिलं. सरांनी खाली शेरा मारला, ‘यात तुझा विचार काय?’

दुसरा प्रोजेक्ट आवाजाचा. दोन मिनिटं, चित्र नाही, शब्द नाही, संगीत नाही, विषय ‘घर’. सर आधीच म्हणाले होते की दरवर्षी अर्धा वर्ग कुकरची शिट्टी घेऊन येतो. साताऱ्याला गेले तेव्हा शिट्टी वगळून घरात काय उरतं ते ऐकत बसले. पितळी डब्याचं झाकण, दाराची कडी, आजीच्या चपला. आणि नळातली हवा. आमच्याकडे पाणी पहाटे येतं. ते येण्याआधी नळ उघडा ठेवलेला असतो आणि पाइपमधली हवा आधी फुसफुसते, मग खोकते, मग बादलीत एकदम पिचकारी. आई त्या आवाजाने उठते, गजराने नाही. मी तेवढंच दिलं. फुसफुस ते बादली भरेपर्यंत, मधे काहीही न कापता. वर्गात पुण्यातल्या सोसायट्यांमधल्या मुलांना तो आवाज कशाचा हेच कळलं नाही. गावाकडच्या सगळ्यांनी पहिल्या पाच सेकंदांत ओळखला.

आता तिसरा आणि त्यासाठीच हा धागा. विषय ‘शेजार’, एक मिनिट, माध्यम कुठलंही. आमच्या गल्लीत रोज सकाळी एक भंगारवाले मामा हातगाडी घेऊन येतात. गाडीला बॅटरीवरचा भोंगा. ‘एऽऽ भंगार, रद्दी, पेपरवालेऽऽ’ आणि पुढे सामानाची मोठी यादी. माझ्याकडे खिडकीतून रेकॉर्ड केलेला तो आवाज आहे, लांबून जवळ येत पुन्हा लांब जाणारा, आणि तो फार सुंदर आलाय. तो वापरायचा तर मामांना विचारावं का? सर म्हणतात सार्वजनिक रस्त्यावरचा आवाज आहे, बिनधास्त वापर. रूममेट म्हणते, ओरडणार ते आणि मार्क तुला. तुम्हाला काय वाटतं?

आळशी_बोका

वाचतोय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत. तो ‘यात तुझा विचार काय’ शेरा फ्रेम करून ठेवा.

रानजाई

मटकीवाल्या ताई, तुमच्या सरांना दादासाहेब फाळक्यांचा वाटाणा माहीत नाही का? १९१२ साली फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. पूर्ण लांबीच्या चित्रपटाला पैसे लावायला कोण तयार होणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण केलं. कोंब वर येतो, पानं फुटतात, वेल वाढतो, हे सगळं पडद्यावर जेमतेम मिनिटभरात. ती चित्रफीत दाखवल्यावर भांडवल मिळण्याची वाट मोकळी झाली आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. म्हणजे आपल्याकडच्या सिनेमाची सुरुवात एका अर्थी कडधान्याच्या टाइमलॅप्सनेच झाली. 

आणि तुम्ही निदान मोबाईलचं बटण दाबलंत. फाळक्यांच्या काळी कोरी फिल्म कडेच्या भोकांशिवाय यायची. ती भोकं अंधारात पाडण्याचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करायच्या. फिल्म धुण्याचंही तंत्र त्या शिकल्या होत्या. दिवसभर एवढ्या मोठ्या युनिटचा स्वयंपाक आणि रात्री हे. त्यांच्याकडून निवेदन कुणी मागितलं नाही, हे बरं की वाईट ते तुम्हीच ठरवा.

बेरकी

अवांतर वाटेल, पण विचारतोच. असल्या विषयांची फी किती आणि पुढे नोकरी कुठे? मटकी आमच्या घरीही उगवते, फुकट.

दुसरं, तुम्हाला तो भोंगा ‘सुंदर’ वाटतो कारण तुम्ही सकाळी कॉलेजात असता. मी घरून काम करतो. भंगार, मीठ, कांदे-बटाटे, मिक्सर दुरुस्ती, झाडू, सगळे एकेक भोंगा लावून एकाच वेळी गल्लीत. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. हे कुणाला सांगायचं? ‘शेजार’ या विषयावर मीही एक मिनिटाचं काहीतरी बनवू शकतो, त्यात फक्त मी मीटिंगमध्ये ‘सॉरी, यू आर ऑन म्यूट’ म्हणताना दिसेन.

पायरीवरची

@रानजाई, फाळक्यांचं नाव वर्गात पहिल्याच लेक्चरला आलं होतं, पण वाटाणा नव्हता. सरांना नक्की सांगते. सरस्वतीबाईंचं तर अजिबात माहीत नव्हतं.

@बेरकी, फी सांगत नाही, बाबा पण इथे वाचतात. नोकरीचं म्हणाल तर मागच्या बॅचमधली एकजण लग्नाचंच शूटिंग करते, आजी बरोबर होती. भोंग्याच्या त्रासाचं मान्य. तुमची फिल्म खरंच करा.

टेप_आणि_ब्लेड

मी रेडिओत नोकरी करून निवृत्त झालो. त्यामुळे बाकीचं सोडून आवाजावरच बोलतो.

नळातली हवा न कापता दिलीस, उत्तम केलंस. आमच्या काळात पाव इंची टेप सेकंदाला साडेसात इंच पळायची. माणसाने बोलता बोलता अर्धा सेकंद श्वास घेतला तर तो टेपवर जवळजवळ चार इंच लांब असायचा. दोन्ही रिळं हाताने मागेपुढे फिरवायची, शब्दाचं टोक सापडलं की पेन्सिलची खूण करायची आणि ब्लेडने तिरकं कापायचं. तिरकं अशासाठी की सरळ कापलं तर सांध्यावर ‘टक्’ वाजतं. कापलेले तुकडे गळ्यात अडकवून बसायचो आम्ही, कारण खाली पडले की कुठला श्वास कुणाचा ते शोधत बसावं लागे. एकदा कापलं की परत जोडायला वेळ जातो, म्हणून कापण्याआधी चारदा ऐकायची सवय लागली. तुम्हा मुलांना ‘अनडू’ आहे, तो जरूर वापरा, पण ऐका चारदा.

आता कामाचं. एक, खिडकीतलं रेकॉर्डिंग फोनच्या साध्या रेकॉर्डरवर केलं असेल तर तो आवाज आपोआप वरखाली करतो आणि मागचा गोंगाट पुसतो. भोंगा लांब गेल्यावर गल्ली एकदम बधिर झाल्यासारखी वाटत असेल तर कारण ते आहे. त्या सोयी बंद करता येतात असं ॲप घे, रेकॉर्डिंगचा दर्जा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेव, आणि सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघ. दोन, गल्लीची शांतता वेगळी रेकॉर्ड कर. भोंगा नाही, कुणी बोलत नाही, अशी दोन मिनिटं. पुढे कुठेही जोड द्यायचा तर तीच खाली अंथरावी लागते. नुसती रिकामी जागा ठेवलीस तर ऐकणाऱ्याला रेडिओ बंद पडल्याचा भास होतो. तीन, पेठेतल्या खोलीत ट्यूबच्या चोकची घूं असते, १०० हर्ट्झवर. रेकॉर्ड करताना ट्यूब बंद कर, नंतर काढत बसू नकोस.

विचारावं का? आम्ही विचारत असू. पण विचारल्यावर माणूस वेगळं बोलतो, हेही खरं. जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायला गेलो की बायका आधी लुगडं बदलून यायच्या आणि मग रेडिओवरच्या गाण्यासारखं गायच्या. खरा आवाज चहा झाल्यानंतर यायचा.

निळी_शाई

कायद्याचं थोडं. कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये ‘परफॉर्मर’ची व्याख्या वाचण्यासारखी आहे. नट, गायक, वादक, नर्तक यांच्यासोबत त्यात कसरतपटू, जादूगार आणि चक्क गारुडी असे शब्द आहेत. शिवाय ‘सादरीकरण करणारी इतर कोणतीही व्यक्ती’. अशा माणसाच्या सादरीकरणावर त्याचा ५० वर्षं हक्क असतो. मग लयीत आरोळी देणारा फेरीवाला यात बसतो का? वाद घालता येईल इतपत नक्की.

पण दोन गोष्टी. एक, कलम ३९ प्रमाणे स्वतःच्या खाजगी वापरासाठी किंवा निव्वळ शिक्षणासाठी, संशोधनासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाने हा हक्क मोडत नाही. वर्गातल्या प्रोजेक्टपुरती तू सुरक्षित आहेस. इन्स्टावर टाकलंस, स्पर्धेला पाठवलंस की गणित बदलतं. दोन, कायद्यात सादरीकरण म्हणजे प्रत्यक्ष, त्या क्षणी केलेलं. भोंग्यातून वाजतंय ते आधीच रेकॉर्ड केलेलं आहे. मग खिडकीतून तू रेकॉर्ड केलंस ते सादरीकरण, की रेकॉर्डिंगचं रेकॉर्डिंग? भोंग्यात आवाज तरी कुणाचा आहे? त्या मामांचाच?

तुमचे सर म्हणतात तसं ‘रस्त्यावरचं सगळं सगळ्यांचं’ असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही, एवढं मात्र सांगा त्यांना.

बेरकी

गारुडी कायद्यात आहे आणि घरून काम करणारा नाही. चालू द्या.

टोरंटोकर

नळातल्या हवेचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. इकडे चोवीस तास पाणी, पण ती मजा नाही. प्लीज ऑडिओ टाक ना. गेले ते दिवस!

पायरीवरची

@टोरंटोकर, ऑडिओ टाकते, पण खरं सांगू का, आईला ऐकवला तर ती म्हणाली ‘बंद कर आधी’. तिच्यासाठी त्या आवाजाचा अर्थ उठा आणि पिंप भरा एवढाच आहे. चोवीस तास पाणी आलं तर ती पहिल्या दिवशी नऊपर्यंत झोपेल. 

@निळी_शाई, आवाज कुणाचा हे डोक्यातच आलं नव्हतं! उद्या विचारते.

पिंगुळीची_वाट

मामांचा चेहरा दाखवायचा की नाही, हाही प्रश्न पुढे येईलच, म्हणून लिहितो. आमच्याकडे कुडाळाजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. सुट्या कागदांवर काढलेली चित्रं, एका कथेच्या संचाला पोथी म्हणतात. सांगणारा एकेक चित्र उभं धरतो आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीवर रामायण-महाभारतातले प्रसंग गाऊन सांगतो. चित्र जराही हलत नाही. युद्ध, वनवास, रडणं, सगळं आवाजात. लहानपणी देवळात बघितलेल्या खेळातलं मला आज चित्र आठवत नाही, रावण बोलायला लागल्यावर बदलणारा आवाज आठवतो. परशुराम गंगावणे यांना या कामासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी घरच्या गोठ्यात संग्रहालय केलंय. पुढच्या सुट्टीत येवा, बघा.

सांगायचं ते इतकंच की एका मिनिटात पन्नास शॉट मारण्याची गरज नाही. एक स्थिर चित्र ठेव आणि आवाज चालू दे. हातगाडीचा फोटो पुरे. माणूस दिसलाच पाहिजे असं नाही.

रानजाई

चित्रकथीची आठवण छान काढलीत. त्याच रांगेत कल्याणच्या पटवर्धनांची शांबरीक खरोलिका. १८९२ पासून ते काचेवर रंगवलेली चित्रं दिव्याने पडद्यावर पाडून पौराणिक कथांचे खेळ करत, सोबत निवेदन आणि गाणी. चार वर्षांनी, ७ जुलै १८९६ ला, मुंबईत वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. म्हणजे हलतं चित्र इथे पोचण्याआधी पडद्यासमोर अंधारात बसून गोष्ट ऐकणारा प्रेक्षक तयार होता. सिनेमाच्या इतिहासात आपण कॅमेरा कुठून आला ते सांगतो, प्रेक्षक कुठून आला ते सांगायचं राहतं.

पायरीवरची

तर मंडळी, विचारलं. आणि सगळं उलटंपालटं झालं.

मामा मूळचे लातूरकडचे. गाडी थांबवून म्हणाले, ‘काय करायलीस ताई याचं?’ मी कॉलेजचं वगैरे सांगितलं. परवानगी लगेच दिली, पण म्हणाले आवाज माझा नाहीच. गाडी घेतली तेव्हा भोंगा दुसऱ्या एका भंगारवाल्याकडून जुना घेतला, आवाज मेमरी कार्डासकट आला. त्या माणसानेही तो आणखी कुणाच्या कार्डावरून उतरवून घेतलेला. मामांना तो कुणाचा ते ठाऊक नाही. म्हणाले, हडपसरला पण हाच वाजतो. @निळी_शाई, आता परवानगी कुणाची घ्यायची ते सांगा!

मग मी म्हटलं तुम्ही स्वतः ओरडून दाखवा, मी ते रेकॉर्ड करते. टेपकाका, तुम्ही म्हणालात अगदी तसंच झालं. फोन पुढे धरल्यावर ते शाळेत कविता म्हटल्यासारखं म्हणाले, ‘भंगार. रद्दी. पेपर.’ आणि हसायला लागले. भोंगा यायच्या आधी ओरडायचे, घसा बसायचा, उन्हाळ्यात जास्त. आता आरोळी देताच येत नाही म्हणाले, भोंग्याने सवय मोडली.

यानंतर त्यांनी विचारलं, ‘यात मला काय भेटणार?’ मला उत्तर सुचेना. श्रेयनामावलीत नाव घालीन म्हटलं. त्यावर ते नुसते बघत राहिले. मग तेच म्हणाले, नवीन भरून दे मला. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये ‘रेडिओ, टेप, ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही’ असली यादी आहे, ती आता कुणी देत नाही. लॅपटॉप, इन्व्हर्टरची बॅटरी, गीझर, वॉशिंग मशीन, एसी असं पाहिजे. लोक वरून विचारतात बॅटरी घेता का, तोवर गाडी पुढे गेलेली असते. आणि बाईचा आवाज असला तर बरं, म्हणाले, लोक खिडकीत येतात. बायकांना वाटतं कोण आहे.

म्हणजे माझा तिसरा प्रोजेक्ट आता भोंग्याची नवीन आरोळी. मीच बोलणार. ‘शेजार’ विषयावरचं एक मिनिट वर्गात नाही, गल्लीत वाजणार. सरांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, ‘हे काम आहे की जाहिरात?’ मला दोन्हीतला फरक तेव्हाही सांगता आला नाही. शेवटी चालेल म्हणाले, पण निवेदन दोन पानांचं पाहिजे आणि इंग्रजीत.

मदत हवी आहे: (अ) तांत्रिक, (आ) मजकूर.

टेप_आणि_ब्लेड

वा! पहिल्यांदा गिऱ्हाईक मिळालं तुला.

तांत्रिक. भोंग्याचा कर्णा लहान असतो. चारशे-पाचशे हर्ट्झच्या खालचं त्यातून फारसं बाहेर येतच नाही. तू हेडफोनवर ऐकून गोड, भरदार आवाज बनवशील तो गाडीवर निम्मा गायब होईल आणि उरलेला फाटेल. म्हणून खालचा भाग आधीच काढून टाक. शब्द कळतात ते व्यंजनांवरून, आणि त्यांची धार दोन ते चार हजार हर्ट्झमध्ये असते. ती राहू दे. लहान-मोठा आवाज कॉम्प्रेसरने एका पातळीवर आण. स्टिरिओ नको, मोनो. प्रत्येक शब्दाचा शेवटचा स्वर लांबव. जुने आरोळीवाले ‘भंगाऽऽर’ म्हणतात ते लाडाने नाही, गल्लीत दोन्हीकडच्या भिंतींवर आपटून शब्दाचा आवाज परत येतो, पुढचा शब्द त्याच्यात बुडू नये म्हणून. पेठेत वाडे पडून इमारती झाल्या, प्रतिध्वनी आणखी वाढला असेल. मोकळ्या मैदानात तपासू नकोस, त्याच गल्लीत तपास.

निळी_शाई

मूळ आवाजवाला सापडणार नाही, तेव्हा तो वापरू नकोस, असाच सल्ला दिला असता. आता गरजच उरली नाही. फक्त एक कर. नवीन आवाज तुझा आहे. तो कार्डावरून कार्डावर जाणार हे उघड आहे. वर्षभराने तू नगरला उतरशील आणि तुझाच आवाज तुला गीझर मागेल. चालणार आहे ना?

पायरीवरची

चालेल. खरं तर तेवढ्यासाठीच करतेय असं वाटायला लागलंय. सरांना कसं सांगू?

बेरकी

एक मिनिट सलग बडबड करू नका, ही माझी जाहीर विनंती. वीस सेकंद आवाज आणि चाळीस सेकंद शांतता. एका मिनिटात गाडी दोन-चार बिल्डिंगी पुढे जाते, प्रत्येक बिल्डिंगला एकदा ऐकू आलं की पुरे. मामांची बॅटरीही जास्त टिकेल, हे त्यांना पटेल. आमच्या गल्लीतले पाचही भोंगे न थांबता वाजतात आणि कुठलाच शब्द कळत नाही.

रानजाई

बेरकींची सूचना खरंच चांगली आहे. मजकुराचं: सुरुवात ‘भंगार’ने नको, ‘रद्दी’ने करा. रद्दी प्रत्येक घरात असते. भंगार म्हटलं की लोकांना वाटतं आपल्याकडे काही नाही. आणि ‘जुने’ हा शब्द एकदाच, सुरुवातीला.

पिंगुळीची_वाट

माझं मत उलट. ‘भंगार’ शब्दातला ‘गाऽर’ लांबवता येतो. ‘रद्दी’ तिथेच संपतो. लांबून पहिला ऐकू येणारा शब्द लांबणारा पाहिजे.

आळशी_बोका

+१ भंगारला. शिवाय आमच्याकडे पेपर येणं बंद होऊन जमाना झाला. रद्दी कसली? पुठ्ठ्याची खोकी म्हणा, ऑनलाइन मागवलेल्याची.

पायरीवरची

खोकी! हे मामांच्या यादीत नव्हतं. त्यांना विचारलं, पुठ्ठा घेतात म्हणाले, पण भाव कमी, म्हणून शेवटी घाल.

आत्ताचा मजकूर असा: ‘भंगाऽऽर… रद्दीऽऽ… जुनी बॅटरी, लॅपटॉप, गीझर… वॉशिंग मशीन, एसी… पंखा, लोखंड, पत्राऽऽ… पुठ्ठ्याची खोकीऽऽ… भंगाऽऽर.’ वीस सेकंदांत बसतो. मग चाळीस सेकंद काही नाही, @बेरकी. टेपकाका, ती चाळीस सेकंद पूर्ण रिकामी ठेवू की गल्लीची शांतता अंथरू?

टेप_आणि_ब्लेड

रिकामी ठेव. खाली खरी गल्ली आहे ना. भोंग्यातून गल्लीचा आवाज वाजवलास तर लोक वेड्यात काढतील.

पायरीवरची

हो की. काल रात्री तेवढं लक्षात आलं नाही. 

गच्चीवर रेकॉर्ड केलं, पहिल्या वेळी खालच्या काकू खरंच बॅटरी घेऊन वर आल्या. आता एकच अडलंय. मामांच्या भोंग्याला माझं ६४ जीबीचं कार्ड ओळखताच येत नाही. जुनं, छोटं मेमरी कार्ड पुण्यात कुणाकडे पडून आहे का? चार जीबी किंवा कमी. विकत घ्यायला गेले तर दुकानदार म्हणाला, आता एवढी लहान येत नाहीत, भंगारात बघा.

आळशी_बोका

माझ्या जुन्या फोनमध्ये दोन जीबीचं आहे, बहुतेक चालू. वनाजला राहतो, मेट्रोने डेक्कनपर्यंत येऊ शकतो. शनिवारी चालेल? त्यावर माझी काही गाणी आहेत, तेवढी उतरवून घ्या आणि मग पुसा. नाहीतर मामा गल्लीत ती वाजवत फिरतील.

टेप_आणि_ब्लेड

कार्ड आधी फॉरमॅट कर आणि त्यावर एकच फाइल ठेव. नाव १ असं दे. हे स्वस्त भोंगे पहिली दिसेल ती फाइल वाजवतात.